फोक्सवॅगन: लाकडी खोक्यातून जगभर गेलेली गाडी

प्रश्न असा आहे: फोक्सवॅगन गट वर्षाला ९० लाखांच्या आसपास गाड्या विकतो, स्कोडा, ऑडी, पोर्शे ही सगळी त्याचीच नावं, चाकणला आणि छत्रपती संभाजीनगरला कारखाने आहेत, तरी भारतातल्या प्रवासी गाड्यांत त्याचा वाटा दोन-अडीच टक्क्यांच्या आसपासच का घुटमळतो? आणि मुळात ही कंपनी आहे कोणाची?

आधी मालकीचं बघू, कारण पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा तिथेच सापडतो.

फोक्सवॅगनच्या मताधिकाराच्या शेअरांपैकी ५३.३ टक्के पोर्शे होल्डिंग कंपनीकडे आहेत. ही होल्डिंग कंपनी पोर्शे आणि पिएख या नातेवाईक घराण्यांच्या ताब्यात आहे. २० टक्के लोअर सॅक्सनी या जर्मन राज्याच्या सरकारकडे, १७ टक्के कतारकडे. बाजारात मोकळी फिरणारी मतं जेमतेम १० टक्के. १९६०-६१ साली कंपनीचे ६० टक्के शेअर जनतेला विकले गेले, तेव्हा फक्त या एका कंपनीसाठी जर्मनीत कायदा झाला. इतर जर्मन कंपन्यांत मोठ्या ठरावाला ७५ टक्के मतं पुरतात, इथे ८० टक्क्यांहून अधिक लागतात. म्हणजे २० टक्केवालं राज्य सरकार एकट्याच्या बळावर ठराव अडवू शकतं. युरोपीय न्यायालयाने २००७ साली या कायद्यातल्या काही तरतुदींवर बोट ठेवलं, तरी ही अडवणुकीची ताकद टिकून आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कारखान्यांची. नवा कारखाना काढायचा किंवा असलेला हलवायचा तर सुपरवायझरी बोर्डात, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात, दोन तृतीयांश मतं लागतात. २० जणांच्या त्या बोर्डात १० प्रतिनिधी कामगारांचे आणि २ राज्याचे. त्यामुळे जर्मनीतलं काम परदेशी नेण्याचा निर्णय या कंपनीत फक्त खर्चाच्या हिशेबावर कधीच होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जो करार झाला त्यातही हेच दिसलं: २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायच्या, पण लगेच कारखाना बंद करायचा नाही आणि थेट कामावरून काढायचं नाही. त्याच करारात गोल्फचं उत्पादन मेक्सिकोतल्या पुएब्लाला हलवायचं ठरलं. वुल्फ्सबुर्गची, म्हणजे मुख्यालयाच्या शहराची, ओळख असलेली गाडी बाहेर जाते, ही साधी बाब नाही.

मताधिकाराचे शेअर इतक्या थोड्या हातांत असले की काय होतं ते २००८ च्या ऑक्टोबरात जगाने पाहिलं. पोर्शेने जाहीर केलं की आपल्याकडे ४२.६ टक्के शेअर आणि वर ३१.५ टक्क्यांचे हक्क आहेत. २० टक्के राज्याकडे. उरले सहा टक्क्यांहूनही कमी. भाव पडेल या भरवशावर उसने शेअर विकून बसलेल्यांना ते परत घ्यायचे होते आणि बाजारात तितके शेअरच नव्हते. भाव हजार युरोच्या वर गेला आणि काही तासांपुरती ही जगातली सर्वांत मूल्यवान कंपनी ठरली. पुढे कर्जाच्या ओझ्याने पोर्शेच वाकली आणि २०१२ पर्यंत पोर्शेचा गाड्यांचा व्यवसायच फोक्सवॅगनच्या पोटात आला.

आता जन्म. १९३४ साली जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेने फर्डिनांड पोर्शे यांच्याशी करार केला: ९९० मार्कांत बसेल अशी कुटुंबाची गाडी. १९३७ मध्ये नाझी सत्तेच्या कामगार संघटनेने कंपनी काढली, १९३८ च्या मे महिन्यात फालर्सलेबेनजवळ, आजच्या वुल्फ्सबुर्गला, कारखान्याची पायाभरणी झाली. लोकांनी आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट बचतपुस्तकात चिकटवायचं, पुस्तक भरलं की गाडी. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले, एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. कारखाना क्यूबेलवागन ही लष्करी गाडी आणि इतर युद्धसामग्रीकडे वळला. तिथे सुमारे २० हजार माणसांना सक्तीने राबवलं गेलं, त्यांत युद्धकैदी होते आणि छळछावण्यांतले कैदीही. या कंपनीचा इतिहास सांगताना हा भाग गाळून सांगणं मला गैर वाटतं. पैसे बुडालेल्या बचतदारांशी १९६१ साली तडजोड झाली: नव्या गाडीवर ६०० मार्कांपर्यंत सूट किंवा रोख १०० मार्क.

१९४५ मध्ये कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात आला. मेजर आयव्हन हर्स्ट यांनी तो चालू केला, आणि लष्कराने २० हजार गाड्यांची ऑर्डर दिली म्हणून तो वाचला. नाहीतर यंत्रं उखडून नेली जाणार होती. जानेवारी १९४८ मध्ये ओपेलमधून आलेले हाइनरिश नॉर्डहॉफ प्रमुख झाले, आणि कंपनीचा परदेशी व्यवसाय खऱ्या अर्थाने त्यांच्या काळात उभा राहिला.

त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर १९४७ मध्ये, पहिल्या ५ बीटल, म्हणजे पोर्शे यांनी आखलेल्या त्याच गाड्या, नेदरलँड्सला बेन पॉन या आयातदाराकडे गेल्या होत्या. याच पॉन यांनी त्या वर्षी एप्रिलमध्ये वहीच्या पानावर डबेवजा गाडीचं रेखाटन केलं. १९५० साली उत्पादनात आलेली ट्रान्सपोर्टर ती हीच. पॉन १९४९ मध्ये बीटल घेऊन अमेरिकेला गेले, तिथे त्या वर्षी दोनच विकल्या गेल्या. पुढच्या वीस वर्षांत हा आकडा वर्षाला साडेपाच लाखांवर गेला.

नॉर्डहॉफ यांनी गाडीचा आकार जवळजवळ तसाच ठेवला आणि आतला एकेक भाग सुधारत नेला. परदेशात विक्रेता नेमताना पहिली चौकशी सुट्या भागांच्या साठ्याची आणि शिकलेल्या मेकॅनिकची. शोरूम त्यानंतर. गाडीही या पद्धतीला सोयीची होती. मागे बसवलेलं ११३१ सीसीचं, २५ अश्वशक्तीचं, हवेने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज नाहीत. त्यामुळे स्वीडनच्या थंडीत पाणी गोठायचा प्रश्न नाही आणि ब्राझीलच्या घाटात ते उकळायचाही नाही. चार मुख्य बोल्ट काढले की इंजिन खाली उतरतं. ज्या देशात गॅरेज म्हणजे झाडाखालचा जॅक, तिथे ही गाडी चालली ती यामुळे.

आता खोक्यांकडे येतो, कारण परदेशी व्यवसायाचं सगळं गणित तिथे आहे.

गाडी दुसऱ्या देशात तीन प्रकारे जाते. पूर्ण तयार, म्हणजे सीबीयू. अर्धवट जोडलेली, म्हणजे एसकेडी. आणि संपूर्ण सुट्या भागांत, म्हणजे सीकेडी. जवळपास प्रत्येक देश तयार गाडीवर जास्त आणि सुट्या भागांवर कमी आयातशुल्क लावतो, म्हणून कंपनी खोकी पाठवते आणि तिथे जोडते. दक्षिण आफ्रिकेत आउटनहेगला १९५१ मध्ये हे सुरू झालं, ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या इपिरांगा भागातल्या भाड्याच्या गाळ्यात १९५३ मध्ये.

ऐकायला सोपं, करायला किचकट. किट ठरावीक संख्येच्या लॉटमध्ये बांधतात. एका लॉटमध्ये एका रबर बुशिंगचा पुडा कमी पडला तरी तो पूर्ण लॉट अडतो, कारण पुढचा लॉट फोडून त्यातून भाग घेतला की कमतरता पुढे सरकते आणि दोन महिन्यांनी कुठला भाग कुठल्या लॉटचा हे कोणालाच कळत नाही. दुसरा घोळ बदलांचा. मूळ कारखान्यात एखादा ब्रॅकेट बदलला, पण समुद्रात असलेल्या लॉटमध्ये जुना ब्रॅकेट आणि पुढच्या लॉटमधला नवा बोल्ट अशी गाठ पडली की लाइनवर काहीच बसत नाही. म्हणून कोणता बदल कोणत्या लॉटपासून, याची नोंद चोख लागते. तिसरा शत्रू दमट हवा. पत्र्याच्या भागांना गंजरोधक तेल, भोवती गंजरोधक वाफ सोडणारी फिल्म, आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, एवढं करूनही फिल्मला एक भोक पडलं की दाराच्या आतल्या घडीत तांबूस रेघ दिसते. ती रंगाच्या आधी सापडली तर घासून निघते. रंगानंतर सापडली तर दार भंगारात.

खोक्यांची ही पद्धत कुठवर पुरते? ज्या देशाचं सरकार पुढची अट घालतं तिथवर. ब्राझीलने १९५६ च्या कार्यक्रमात सांगितलं की काही वर्षांत गाडीचा ९५ टक्के भाग स्थानिक हवा, आणि तो मोजायचा वजनाने. वजनाने मोजलं की बॉडीचा पत्रा, इंजिनाचं ओतकाम, अ‍ॅक्सल हे जड भाग आधी स्थानिक करावे लागतात, नुसत्या सीट आणि काचा बनवून भागत नाही. फोक्सवॅगनने ते मनावर घेतलं आणि साओ बर्नार्डो दो कांपोला पूर्ण कारखाना उभा केला. पुढे १९८० साली ब्राझीलसाठीच घडवलेली गोल ही गाडी आली. ती सलग २७ वर्षं त्या देशात सर्वाधिक विकली गेली. जर्मनीतल्या गोल्फशी तिचं नाव जुळतं, यंत्र वेगळं. आणि ती जुनी ट्रान्सपोर्टर तिथे कॉम्बी म्हणून २०१३ च्या अखेरपर्यंत बनत होती. एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले आणि त्या सांगाड्यात ते बसवणं शक्य नव्हतं, तेव्हाच ती थांबली.

अमेरिकेची कथा उलटी. तिथे गाड्या तयार स्वरूपात जहाजाने जात. १९६४ पासून अमेरिकेने हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावलं. भांडण होतं युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर लावलेल्या शुल्काचं, मार बसला ट्रान्सपोर्टरच्या पिकअप आणि मालवाहू रूपांना. ते शुल्क आजही आहे. मोठा फटका मात्र चलनाचा होता. १९६१ पर्यंत एका डॉलरला ४.२० मार्क मिळत, मग ४.००, मग १९६९ मध्ये ३.६६, आणि १९७३ च्या सुमारास २.६० ते २.७०. २००० डॉलरला विकलेली गाडी आधी ८००० मार्क आणायची, ती आता ५२००-५४०० आणू लागली, आणि वुल्फ्सबुर्गमधले पगार मार्कांतच द्यायचे होते. त्यात बीटल जुनी झालेली, तिच्या जागी येणारी गाडी तयार नाही. १९७४ साली कंपनीला ८० कोटी मार्कांहून जास्त तोटा झाला. एकच चांगली गाडी फार काळ धरून ठेवली, ही नॉर्डहॉफ काळाची मोठी चूक मी मानतो.

वाचवलं ते विकत घेतलेल्या कंपनीने. १९६५ च्या सुमारास डायम्लर-बेन्झकडून घेतलेल्या ऑटो युनियनकडे, म्हणजे आजच्या ऑडीकडे, पाण्याने थंड होणारं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद देणारी रचना होती. त्या ज्ञानावर १९७३ मध्ये पसाट आणि १९७४ मध्ये इटालियन डिझायनर जुजारो यांनी रेखाटलेली गोल्फ आली. बीटल मात्र पुएब्लात ३० जुलै २००३ पर्यंत बनत राहिली. एकूण २,१५,२९,४६४.

चलनाच्या धक्क्यावर उपाय म्हणून १९७८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या वेस्टमोरलँडला कारखाना काढला आणि १९८८ मध्ये बंद केला. अमेरिकेत बनलेली रॅबिट, म्हणजे तिथली गोल्फ, स्थानिक आवडीसाठी मऊ सस्पेन्शनची केली आणि गाडीचं मूळ वळणच हरवलं. त्यात जपानी कंपन्या वेगाने पुढे गेल्या. पुन्हा अमेरिकेत कारखाना काढायला २०११ उजाडलं, तो चॅटनूगाला.

चीनमध्ये हीच कंपनी इतरांच्या कितीतरी आधी पोहोचली. ऑक्टोबर १९८४ मध्ये शांघायच्या भागीदाराशी निम्म्या-निम्म्या वाट्याचा करार झाला. गाडी होती सांताना. सुरुवातीला स्थानिक भाग म्हणजे टायर, रेडिओ, अँटेना एवढेच. शांघाय शहराने प्रत्येक सांतानावर अधिभार लावून तो पैसा स्थानिक भाग बनवणाऱ्या कारखान्यांत घातला, आणि जर्मन तपासणीत पास झाल्याशिवाय कुठलाही भाग गाडीत जाऊ दिला नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत स्थानिक भाग ८० टक्क्यांच्या वर गेले. त्या व्हेंडरांच्या जोरावर पुढे चीनचा सगळाच मोटार उद्योग उभा राहिला. १९९१ मध्ये चांगचुनला दुसरी भागीदारी झाली. २०१९ मध्ये गटाने चीनमध्ये ४२ लाखांच्या आसपास गाड्या विकल्या, २०२४ मध्ये सुमारे २९ लाख. विजेच्या गाड्यांत स्थानिक कंपन्या पुढे गेल्या, २०२३ मध्ये बीवायडीने सर्वाधिक विक्रीचा मान हिसकावला, आणि ज्यांना शिकवलं त्यांच्याकडून शिकायची वेळ आली: त्याच वर्षी फोक्सवॅगनने एक्सपेंग या चिनी कंपनीत सुमारे ७० कोटी डॉलर घालून वाटा घेतला.

‘स्कोडा म्हणजे आतून फोक्सवॅगनच ना?’ हे नेहमी विचारलं जातं. स्पेनची सेआट १९८६ मध्ये आली, चेक स्कोडा १९९१ मध्ये, आणि १९९८ मध्ये बेंटली, लँबोर्गिनी, बुगाटी. इतकी नावं वेगवेगळ्या यंत्रांवर चालवली तर दिवाळं निघेल, म्हणून कंपनीचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांच्या काळात सामायिक प्लॅटफॉर्मवर, म्हणजे अनेक गाड्यांखालच्या एकाच मूळ सांगाड्यावर, भर आला. २०१२ मध्ये एमक्यूबी हा प्लॅटफॉर्म आला. त्यात पुढच्या चाकाच्या केंद्रापासून पेडलपर्यंतचं अंतर कायम ठेवलं, बाकी लांबी, रुंदी, दोन चाकांमधलं अंतर बदलता येतं. हेच अंतर का? कारण इंजिन, स्टीअरिंग, एसी, ब्रेकचा बूस्टर, अपघातात चेपला जाणारा भाग, सगळं त्याच पट्ट्यात कोंबलेलं असतं. तिथे पुन्हा नवी आखणी करणं सर्वांत महाग. इंजिनंही सगळी मागे १२ अंश कलती बसवली, म्हणजे पेट्रोल काय नि डिझेल काय, माउंटिंग आणि एक्झॉस्टची वाट सारखीच.

याचा पुरावा सुट्या भागाच्या डब्यावर छापलेला असतो. या गटाचा पार्ट नंबर तीन-तीन-तीनच्या गटात वाचायचा. उदाहरण ऑइल फिल्टरचं: ०४ई ११५ ५६१. पहिले तीन कोणत्या गाडीचा किंवा इंजिनाचा भाग ते सांगतात. ०४ई म्हणजे ईए२११ इंजिनांचं कुटुंब, आपल्याकडच्या टायगुन आणि कुशाकमधलं १.० टीएसआय पेट्रोल इंजिन त्यातलंच. मधल्या तिनातला पहिला आकडा मुख्य विभाग: १ इंजिन, ३ गिअरबॉक्स, ४ पुढचा अ‍ॅक्सल आणि स्टीअरिंग, ५ मागचा अ‍ॅक्सल, ६ चाकं आणि ब्रेक, ८ बॉडी, ९ वायरिंग. १ पुढचे १५ म्हणजे तेलाची व्यवस्था. शेवटचे तीन म्हणजे नेमका भाग. डावा-उजवा भेद असेल तर सहसा विषम आकडा डावीकडचा, सम उजवीकडचा. आणि सगळ्यात शेवटी एखादं अक्षर असतं ते सुधारणेचं. जुन्या ०३० मालिकेच्या इंजिनाचा फिल्टरही ०३० ११५ ५६१ होता. इंजिन पूर्ण बदललं, फिल्टरचं शेपूट तेच राहिलं. भाग मागवताना नऊ आकडे जुळले म्हणून थांबू नका, शेवटचं अक्षर गाडीच्या चासी नंबरवरून पडताळून घ्या. सेन्सर, कंट्रोल युनिट आणि ब्रेकच्या बाबतीत चुकीच्या अक्षराचा भाग बसतो, पण नीट चालत नाही. आणि स्कोडाच्या काउंटरवर महाग सांगितलेला भाग फोक्सवॅगनच्या काउंटरवर त्याच नंबराने विचारून बघायला हरकत नाही.

सामायिक भागांचा तोटाही तितकाच मोठा. ईए१८९ हे डिझेल इंजिन चार-पाच नावांच्या गाड्यांत होतं. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोटीस काढली: चाचणीच्या रोलरवर गाडी असल्याचं सॉफ्टवेअर ओळखतं आणि तेवढ्यापुरतं नायट्रोजन ऑक्साइडचं नियंत्रण पूर्ण चालू करतं, रस्त्यावर ते ढिलं सोडतं. काही स्थितींत उत्सर्जन मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. असं करण्याची गरज का पडली? नायट्रोजन ऑक्साइड पकडणारा सापळा साफ करायला वेळोवेळी जास्त इंधन जाळावं लागतं, त्याने मायलेज घटतं आणि काजळीचा फिल्टर लवकर भरतो. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी बसवली तर खर्च आणि जागा. स्वस्तात, कमी इंधनात आणि स्वच्छ, या तिन्ही गोष्टी एका वेळी जमत नव्हत्या आणि ते वरच्यांना सांगायची कंपनीत सोय नव्हती. हा गुन्हा होता, आणि त्याची किंमत दंड, भरपाई धरून ३० अब्ज युरोंच्या वर गेली. भारतात सव्वातीन लाखांच्या जवळपास गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

डीएसजी या दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचंही तसंच. सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीक्यू२०० युरोपातल्या मोकळ्या रस्त्यावर उत्तम चालतो. उष्ण-दमट हवेत आणि रांगत्या ट्रॅफिकमध्ये त्यातल्या कृत्रिम तेलामुळे विजेच्या जोडण्यांत बिघाड होऊन ताकद तुटायची. चीनमध्ये २०१३ साली ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या, जगभर तेल बदलून खनिज तेल भरलं. तुमच्याकडे हा गिअरबॉक्स असेल तर पुण्याच्या सिग्नलवर गाडी इंच-इंच पुढे ढकलू नका. ब्रेक दाबून थांबा, चांगली एक गाडीची जागा झाली की सोडा. अर्धवट पकडलेला क्लच तापतो, झिजतो, आणि आधी दुसऱ्या गिअरला थरथर जाणवते.

आता भारत. स्कोडा २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला आली, ऑक्टाव्हियाची किट जोडायला. गाडी भक्कम, डिझेल इंजिन दणकट, पण भाग चेकहून येणारे आणि सर्व्हिसचा खर्च जिव्हारी लागणारा. ती छाप अजून पुसली गेलेली नाही. फोक्सवॅगनने ३१ मार्च २००९ रोजी चाकणचा कारखाना सुरू केला. सुमारे ३८०० कोटींची गुंतवणूक, आत प्रेस शॉप, बॉडी शॉप, पेंट शॉप सगळं. पोलो आली, पाठोपाठ व्हेंटो. मात्र पत्रा इथे ठोकला जात असला तरी इंजिन आणि गिअरबॉक्स परदेशातून यायचे. चाकणला इंजिन जोडायला २०१५ उजाडलं. सहा वर्षं युरोच्या भावाशी बांधलेली गाडी रुपयांत विकायची, म्हणजे १९७३ ची मार्क-डॉलरचीच गोष्ट उलट बाजूने.

दुसरी अडचण चार मीटरची. २००६ पासून ४००० मिलिमीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल गाडीवर कर कमी. हा नियम जगात दुसरीकडे नाही, म्हणून जागतिक प्लॅटफॉर्मला तो सोयीचा नाही. पोलो कशीबशी आत बसली. तिच्यापासून २०१६ मध्ये केलेली अमिओ ही छोटी सेदान ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवायला पुढचा बंपर आखूड करावा लागला आणि बूट कापल्यासारखा दिसला. जिथे लहान गाडीचा निर्णय पाच-दहा हजारांवर फिरतो, तिथे जर्मन जाडीचा पत्रा आणि जर्मन मापांची चाचणी यांचा खर्च वसूल होत नव्हता.

यावर उपाय म्हणून डिसेंबर २००९ मध्ये सुझुकीचे १९.९ टक्के शेअर घेतले: भारतीय खर्चाचं ज्ञान त्यांचं, तंत्र आपलं. सुझुकीला हाताखालचं नातं नको होतं, बारा नावं सांभाळणाऱ्या फोक्सवॅगनला दुसरं नातं माहीत नव्हतं. सुझुकीने फियाटकडून डिझेल इंजिन घेतलं, भांडण लवादात गेलं, २०१५ मध्ये शेअर परत विकले. २०१७ मध्ये टाटांशी बोलणी झाली, काही महिन्यांत संपली. वुल्फ्सबुर्गने इथला कारभार लांबून चालवायचा हट्ट सोडला नाही, आणि भारतातल्या दहा वर्षांच्या रखडण्याचं हेच मुख्य कारण मला दिसतं. मालकीच्या रचनेचा धागा म्हणालो तो हा: ज्या बोर्डात प्रत्येक खुर्ची जर्मन कारखान्यांकडे डोळा लावून असते, तिथे चाकणच्या बंपरचा विषय यायला वेळ लागतो.

२०१८ मध्ये भारताची जबाबदारी स्कोडाकडे दिली, १ अब्ज युरो मंजूर केले, २०१९ मध्ये इथल्या तीन कंपन्यांची एक केली. एमक्यूबीची भारतासाठी स्वस्त आवृत्ती इथेच घडवली आणि ९५ टक्क्यांपर्यंत भाग स्थानिक केले. कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस चारही गाड्यांत दोन चाकांमधलं अंतर २६५१ मिलिमीटर. एकाच साच्याचे भाग चार नावांवर विकले की साच्याचा खर्च फिटतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली कायलाक ३९९५ मिलिमीटरची आहे, आणि अमिओसारखी कापलेली वाटत नाही, कारण या वेळी लांबी आखणीच्या पहिल्या दिवशी ठरली होती.

खोक्यांचा जुना प्रश्न मात्र सुटलेला नाही. २०११ च्या अर्थसंकल्पापासून भारतात सीकेडी कशाला म्हणायचं याची व्याख्या कडक झाली. इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जोडलेला असेल तर शुल्क दुपटीहून जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली: जवळजवळ पूर्ण गाडीचे भाग वेगवेगळ्या खेपांत, वेगवेगळ्या बिलांवर आणले आणि ३०-३५ टक्क्यांऐवजी ५ ते १५ टक्के भरले. कंपनीचं म्हणणं, हे सुटे भागच आहेत आणि पद्धत सरकारला माहीत होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. सगळा वाद एका मुद्द्यावर येतो: एकाच गाडीचे भाग वेगवेगळ्या दिवशी बंदरावर उतरले, तर त्यांना गाडी म्हणायचं की भाग?

दरम्यान खोकी उलट्या दिशेलाही निघाली आहेत. चाकणहून व्हेंटो तयार स्वरूपात मेक्सिकोला जात होती, पुएब्ला हाताशी असताना. आता कुशाकची किट व्हिएतनामला जातात. क्वांग निन्ह प्रांतातला जोडणी कारखाना मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. चाकणच्या पावसाळ्यात ही खोकी बांधायची म्हणजे गंजरोधक फिल्म, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, लॉटचा क्रमांक आणि सुधारणेचं अक्षर या सगळ्याची जबाबदारी आता इथल्या पॅकिंग लाइनवरच्या माणसांची आहे, आणि एक पुडा कमी पडला तर लाइन थांबेल ती तिकडे.